खिरीचं बोट

भाचीच्या उष्टावणाला कसबा गणपतीचं दर्शन घेऊन वाड्यात शिरलो, तेव्हा तांबट आळीतल्या हातोड्यांसारखी माझी छाती धडधडत होती. मामाचा मान! सोन्याची अंगठी खिरीत बुडवून तिच्या जिभेला टेकवली, आणि तिनं ‘ऑक्’ करून सगळं बाहेर ढकललं. ताई रडकुंडीला आली. आजी म्हणाली, “अगं, गिळायला शिकतेय ती.”

आजीचं खरंच होतं. आवाज करत, तोंड लाल करत येणारी ओकारी हे बाळाचं संरक्षण असतं. आवाजच बंद झाला, श्वास अडकला, तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही. उष्टावणाला मुलीला विषम महिना, मुलाला सम, ही जुनी मोजदाद. जागतिक आरोग्य संघटना दोघांनाही ६ महिने पूर्ण होऊ द्या म्हणते. मग दूध चालू ठेवून दिवसातून २-३ वेळा चमचा-चमचा मऊ वरणभात. नावडती चव ८-१० वेळा पुढे करावी लागते. (आजीचा मधाचा हट्ट आम्ही मोडला. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही.)

हा अंक अशाच धास्तावलेल्या घरांसाठी आहे. परवा भाचीनं गाजराचा लगदा माझ्या चष्म्यावर फुर्रकन उडवला. ताई पोट धरून हसत होती.