साठ दिवसांची सूचना कोणास?

शेतकऱ्यास बैल विकावयाचा झाला तर आठ दिवस अगोदर घरात बोलणे होते. बायकोस विचारतात, शेजाऱ्याच्या कानावर जाते. परंतु मुंबईत दोनशे माणसांचे पोट ज्यावर चालते तो कारखाना बंद व्हावयाचा असला, तर ती बातमी त्या दोनशे जणांस पुष्कळदा फाटकाच्या कुलुपावरूनच कळते. कारखाना मुंबईत असला तरी त्याच्या पगारावरची चूल रत्नागिरीस, साताऱ्यास पेटत असते. म्हणून आमच्या वाचकांनी हा विषय शहरवाल्यांचा समजून सोडून देऊ नये.

कायदा नाही असे नाही. 1972 साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम घातले गेले की, पन्नास किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करणाऱ्या मालकाने साठ दिवस अगोदर कारणांसह सूचना द्यावी. कोणास? सरकारास! कामगाराच्या वाट्यास एक महिन्याची नोटीस. तीही महिन्याचा पगार हातावर ठेवला की टळते. 1976 साली मोठ्या कारखान्यांस परवानगीची अट लागली. ती आधी 300 कामगारांपासून होती, पुढे 100 पासून झाली. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा 300 वर नेली. म्हणजे 290 कामगारांच्या मालकास आता परवानगी नको, आणि साठ दिवसांची सूचना पूर्वीप्रमाणेच सरकारदरबारी!

साठ दिवसांत गरिबाच्या घरी काय होत नाही? मुलीचे लग्न पुढे ढकलता येते. सावकाराकडून काढावयाचे कर्ज काढले जात नाही. खोलीचे भाडे थकण्यापूर्वी बायकामुले गावी धाडता येतात, दुसऱ्या दारी काम विचारता येते. गावचा भाऊही मनिऑर्डरीच्या भरवशावर बी-खत उधार आणीत नाही.

आणि झळ कामगारासच लागते काय? गिरणगावात घरोघरी खाणावळी चालविणाऱ्या बाया महिन्याच्या उधारीवर गिरणीकामगारांस जेवू घालीत. त्यांच्याच हितासाठी 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि कितीएक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. त्या बाईच्या वहीतील उधारी कोणत्या कायद्याने वसूल व्हावी? तिला सूचना देण्याचे तर कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

मालक म्हणतात, आधी बोभाटा झाला तर चांगले कारागीर निघून जातील, देणेकरी दारात बसतील. देणेकऱ्यास भ्यावे आणि कामगारास अंधारात ठेवावे, हा कुठला न्याय? अमेरिकेत मालकास परवानगी मागावी लागत नाही, तथापि 1988 च्या कायद्याने शंभर किंवा अधिक नोकर ठेवणाऱ्यास मोठी कपात वा बंदी करण्यापूर्वी साठ दिवस कामगारांस, राज्यास व तेथील नगराध्यक्षासही लेखी कळवावे लागते. कित्येक राज्ये त्या सूचनांच्या याद्या सर्वांस पाहण्यास खुल्या ठेवतात. तेथील कारखानदारी त्याने बुडाली नाही.

आमचे मागणे मोठे नाही. सरकारास दिलेली सूचना त्याच दिवशी मराठीत फाटकावर लागावी. कामगार आयुक्तांनी अशा कारखान्यांची यादी दर आठवड्यास प्रसिद्ध करावी. कंत्राटदाराच्या माणसांचीही नावे तीत असावीत. आज त्यांस मालक म्हणतो आमचे नव्हेत, कंत्राटदार म्हणतो काम संपले.

तोवर ज्यांचे कोणी मुंबईस आहे त्यांनी त्यास विचारावे, तुझे नाव हजेरीपटावर कोणाच्या खाती आहे? पगाराच्या चिठ्ठ्या त्याने जपून ठेवाव्यात. कपात झाल्यास भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई मागताना त्याच कामी येतात.