पनवेलचा खेळाडू कोण?

हा प्रश्न पनवेलच्या एखाद्या चहाच्या टपरीवर टाकला की पहिली दोन-तीन नावे मुंबईची येतात. सचिन, रोहित, फार तर सूर्यकुमार. हे सगळे खाडीपलीकडचे, असे कुणीतरी हटकतो. मग कबड्डीचा विषय निघतो. त्यात गावाचे नाव येते, मंडळाचे येते, खेळाडूचे काही येत नाही. पाच मिनिटांत गप्पा पुन्हा वानखेडेवर पोहोचतात.

मुंबईकरांचे बरे आहे. त्यांच्याकडे नावे इतकी, की भांडायला भरपूर वाव. गावसकरवाले आणि तेंडुलकरवाले यांचे तर कधीच जुळायचे नाही, आणि त्यांच्या मध्ये एखादे जुने दादरकर हळूच 1971 च्या मालिकाविजयांचा विषय काढून अजित वाडेकरांचे नाव पुढे सरकवतात. वानखेडेवर मे 2025 मध्ये वाडेकरांच्या नावाचा स्टँड झाला, त्याच दिवशी रोहित शर्माच्याही नावाचा झाला. रोहितचा जन्म नागपूरचा. आजी-आजोबांकडे बोरिवलीत वाढला म्हणून तो मुंबईचा, आणि त्याबद्दल मुंबईत कुणाला शंका येत नाही. नागपूरकरांनीही फार मनाला लावून घेण्याचे कारण उरलेले नाही. जुलै 2025 मध्ये नागपूरच्याच दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. या शहराला आता उसन्या नावाची गरज नाही.

जन्मगावाचा निकष किती कच्चा आहे, ते सांगलीत जाऊन पाहावे. विजय हजारे सांगलीत जन्मले. अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके ठोकणारे हजारे, 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हाचे कर्णधारही हजारेच. पण रणजीत त्यांची ओळख बडोद्याची. नंदू नाटेकरही जन्माने सांगलीचे. 1956 साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले, 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत होते. त्यांची कारकीर्द मात्र मुंबईत बहरली. उलट स्मृती मानधना जन्मली मुंबईत आणि दोन वर्षांची असताना माधवनगरला आली. जन्मदाखले मांडून बसले तर हजारे आणि नाटेकर सांगलीचे आणि स्मृती मुंबईची. असा निवाडा सांगलीच्या कोणत्याही कट्ट्यावर देऊन पाहावा. चहासुद्धा मिळणार नाही. स्मृती सांगलीत बॅट धरायला शिकली, तिथूनच महाराष्ट्राच्या संघात गेली. या सदराचे मत विचाराल तर सांगलीची खरी प्रतिनिधी तीच, आणि हजाऱ्यांच्या मोठेपणाला त्याने तसूभरही धक्का लागत नाही.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत हा गुंता आणखी गोड होतो. गाव कराडजवळचे गोळेश्वर, शिक्षण आणि कुस्तीचे दिवस कोल्हापूरचे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. 1952 ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे सांगतात. आता पदक कुणाचे? बैलगाड्या कराडच्या, गहाणखत कोल्हापूरचे. दोन्ही गावे हक्क सांगतात आणि दोघांचेही बरोबर आहे. नेमबाज स्वप्नील कुसाळेचे तसेच. घर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, पायाभरणी नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, सराव पुण्याच्या बालेवाडीत, नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची. पॅरिस ऑलिंपिकचे कांस्य 1 ऑगस्ट 2024 ला त्याच्या गळ्यात पडले आणि महाराष्ट्राच्या निम्म्या नकाशाला आपले काही ना काही जिंकल्यासारखे वाटले.

पनवेलला खरा हेवा वाटावा तो पालघरचा. तेही मुंबईच्या लोकलच्या टोकाकडचे गाव, तिथलीही पोरे पहाटेची गाडी धरणारी. पण त्यांच्याकडे शार्दुल ठाकूर आहे. किट बॅग सांभाळत पालघरहून मैदान गाठणारा हा मुलगा जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात 67 धावा आणि सामन्यात सात बळी घेऊन गेला, आणि ज्यांना पालघर नकाशावर दाखवता आले नसते त्यांनीही ते नाव ऐकले.

पनवेलची अडचण अशी की हे शहर खेळाच्या नकाशावर नेहमी दोन रेघांच्या मध्ये सापडते. नेरूळचा मुलगा मुंबई क्रिकेट संघटनेच्या हद्दीत. पनवेल रायगड जिल्ह्यात, आणि रायगडचे क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे. घर मुंबईच्या लोकलवर, निवड पुण्याच्या रस्त्यावर. हार्बरच्या गाडीने काही स्टेशने गेले की डी. वाय. पाटील स्टेडियम लागते. तिथे 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पनवेलहून गाड्या भरून माणसे जाऊ शकतात असे हे अंतर. पण मैदान नेरूळचे, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणातले.

एवढे सगळे मांडून झाल्यावर या सदराला आपला उमेदवार सांगायला हरकत नाही: नेमबाज सुमा शिरूर.

नाव ऐकून काहींच्या भुवया वर जातील. जन्म कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरचा, शिक्षण डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयात. पनवेलचा संबंध येतो तो त्यांच्या 'लक्ष्य' शूटिंग क्लबमुळे. कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीतल्या रेंजवर हा क्लब वाढला. त्याआधीच त्यांच्या नावावर अशी एक कामगिरी लागली होती जिच्यात सुधारणेला जागाच नव्हती. 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत त्यांनी 400 पैकी 400 गुण घेतले. हे काय प्रकरण आहे ते समजून घेण्यासारखे आहे. लक्ष्याच्या मध्यभागी जो दहा गुणांचा ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दहा मीटरवरून असे चाळीस छर्रे सोडायचे आणि प्रत्येकाने तो ठिपका गाठायचा. श्वास, नाडी, बोटाचा दाब, यातले काहीही एकदा चुकले तर आकडा 399. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतही त्या पोहोचल्या. त्याच्या दोन वर्षे आधी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंजली भागवत यांच्यासोबत दुहेरीचे सुवर्ण झाले होते.

पण 400 गुणांमुळे त्या पनवेलच्या होत नाहीत. त्या इथल्या होतात ते नंतरच्या कामामुळे. जयपूरची अवनी लेखरा त्यांच्या मार्गदर्शनाखाली टोकियोला गेली आणि 30 ऑगस्ट 2021 ला पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने त्याच प्रकारात पुन्हा सुवर्ण घेतले. शिरूर यांना 2022 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो या पॅरा नेमबाजीतल्या कामासाठी. पदक जयपूरचे खरेच. पण नेमबाजी शिकायची तर पनवेलला जा, असे परगावच्या पालकांना वाटावे इतके इथे काहीतरी उभे राहिले. यापूर्वी पनवेलला लोक यायचे ते गाडी बदलायला.

प्रशिक्षकाला हा मान द्यायचा का, हा आक्षेप येणारच. त्याचे उत्तर दादरने देऊन ठेवले आहे. शिवाजी पार्कवर 3 डिसेंबर 2024 ला रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. सर मूळचे मालवणचे. प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एकच खेळले. तरी त्या मैदानाला शोभणारे दुसरे नाव काढून दाखवा. आणि बाहेरून आलेल्याला आपले म्हणण्याबद्दल कुणाला संकोच वाटत असेल तर त्याने नेपल्सकडे पाहावे. मॅराडोना ब्यूनोस आयर्सच्या वस्तीतला, 1984 मध्ये बार्सिलोनाहून विकत आणलेला. त्याने त्या शहराला 1987 आणि 1990 असे दोनदा लीगचे विजेतेपद मिळवून दिले. तो गेला तेव्हा शहराने काही दिवसांतच स्टेडियमला त्याचे नाव दिले. अर्जेंटिनाचा जन्मदाखला तिथे कुणी मागितला नाही.

कबड्डीवाल्यांना हा कौल पटणार नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात रात्री दिवे लावून होणारे सामने पाहिलेल्या माणसाला एअर रायफलच्या वातानुकूलित शांततेत गावाचा जीव सापडणे कठीण. तिथे हजार माणसे एका चढाईसाठी उभी राहतात. नेमबाजीत प्रेक्षकाने खोकायचेही म्हटले तर पंचाईत. आगरी-कोळी वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला खेळ बाजूला ठेवून बाहेरच्या बाई का, असे कुणी विचारले तर रागावू नये. मात्र मग कबड्डीवाल्यांनी एक नाव द्यावे. मंडळाचे, गावाचे, तालुक्याचे चालणार नाही; माणसाचे हवे. तिथेच गाडी अडते, कारण तो खेळच एकट्याला मोठे होऊ देत नाही.

नावासाठी भांडायचे कसे, हे या भागाला शिकवायला नको. नवी मुंबईच्या विमानतळाला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचे नाव मिळावे म्हणून 2021 मध्ये हजारो माणसे रस्त्यावर उतरली होती. पनवेल महानगरपालिका 2016 ची, अजून वयाने लहान. कितीतरी नवे चौक आणि रस्ते नुसत्या सेक्टरच्या आकड्यांवर चालतात. त्यातला एक चौक सुमा शिरूर यांच्या नावाने करावा. कबड्डीच्या मंडळींनी शेजारचा मागितला तर तोही द्यावा, फक्त पाटीवर कुणाचे नाव लिहायचे ते त्यांनी आधी आपसांत ठरवून यावे.