पूर्वपक्षाला तुरुंग नको

देव नाकारणाऱ्याला कायद्याने गप्प करावे असे म्हणणारे लोक परंपरेची साक्ष काढतात. ईश्वराचे खंडन या भूमीने कधी चालवून घेतले नाही, नास्तिक विचार पश्चिमेकडून आला, असे ते सांगतात. त्यांनी धारचा इतिहास पाहावा.

अकराव्या शतकात धारा ही परमारांची राजधानी होती. राजा भोज शैव होता. ‘तत्त्वप्रकाश’ हा शैवमताचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्याच धारेत राहून प्रभाचंद्र या दिगंबर जैन आचार्यांनी ‘प्रमेयकमलमार्तंड’ लिहिला. जग हे कार्य आहे, म्हणून त्याचा कोणी बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे, हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, अनुमान त्यांनी त्यात सविस्तर खोडून काढले. ग्रंथ भोजदेवाच्या राज्यात, धारेत लिहिल्याची नोंदही त्यांनी शेवटी केली. शिवभक्त राजाच्या राजधानीत सृष्टिकर्त्या ईश्वराचे खंडन झाले, आणि तेही राजाचे नाव लपवून नव्हे, घेऊन.

यावर कोणी म्हणेल, प्रभाचंद्र आजच्या अर्थाने नास्तिक नव्हते. ते कर्म मानत, मोक्ष मानत. खरे आहे. पण आज ज्या विधानावरून पोलीस ठाणे गाठले जाते, ते त्यांनी केलेच होते: जग निर्माण करणारा देव नाही. वेदप्रामाण्यासाठी झगडणाऱ्या कुमारिल भट्टांनीही सृष्टिकर्ता नाकारला. ईश्वरवाद्यांच्या बाजूने उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहून ईश्वराच्या सिद्धतेचे एकेक प्रमाण मांडले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्णपणे मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही आपल्या शास्त्रांची रीत. पूर्वपक्षच तुरुंगात टाकला, तर उत्तरपक्ष कोणाला द्यायचा?

परंपरा सगळी उदार होती, असा माझा दावा नाही. समाजसुधारक आगरकरांची त्यांच्या हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. पण परंपरेत दोन्ही गोष्टी असतील, तर कोणती पुढे न्यायची याची जबाबदारी आपली आहे.

आता कायद्याकडे वळू. धार्मिक भावना दुखावण्याला गुन्हा ठरवणारे भारतीय दंडविधानातले २९५-अ हे कलम ब्रिटिश राजवटीत १९२७ साली आले. लाहोरला एका पुस्तकाच्या प्रकाशकाची, महाशय राजपाल यांची, उच्च न्यायालयाने सुटका केली. त्यावरून क्षोभ उसळला आणि सरकारने नवे कलम घातले. आज ते भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने उभे आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे कलम नसेल तर रक्तपात होईल, असा त्याच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद आहे. पण कलम आल्यानंतर, १९२९ मध्ये, राजपाल यांचा खून झालाच. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माविषयी तटस्थ भूमिका घेत होती. तरीही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याचा हात या कलमाने धरला नाही.

पाकिस्तानला हेच दंडविधान वारशाने मिळाले. तिथे १९८२ आणि १९८६ साली त्याला आणखी कडक पोटकलमे जोडली गेली, थेट देहदंडापर्यंत. आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर स्त्रीला २०१० मध्ये फाशी सुनावली गेली. निर्दोष सुटायला २०१८ उजाडले. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने ठार केले. देवनिंदेला राज्याने गुन्हा ठरवले की शिक्षा द्यायला जमावही पुढे सरसावतो, हे तिथे दिसले.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. कलमात ‘हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने’ अशी अट आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात त्याच आधारावर ते वैध ठरवले, मग प्रामाणिक टीकाकाराने का भ्यावे? कारण द्वेष होता की नाही हे खटल्याच्या शेवटी ठरते आणि अटक सुरुवातीलाच होते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. धार आणि देवास यांच्या दरम्यान असलेल्या इंदूरमध्ये १ जानेवारी २०२१ रोजी विनोदवीर मुनव्वर फारुकी यांना अटक झाली. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. दोष सिद्ध होण्याआधीच महिन्याहून अधिक तुरुंगवास भोगून झाला. २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याच्या एका क्रूसातून ठिबकणारे पाणी तुंबलेल्या सांडपाण्यातून केशाकर्षणाने चढत आहे, असे सनल एडामारुकू यांनी सांगितले. त्यांच्यावर याच कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. पाणी कुठून येते हे सांगण्यात द्वेष कसला?

राहिला प्रश्न दुखावलेल्या भावनांचा. ते दुःख खरे असते आणि त्याची टिंगल मी करणार नाही. पण दुःख झाले म्हणून समोरचा गुन्हेगार ठरत नाही. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार उत्कट कृष्णभक्त होते. १९२१ मध्ये त्यांचे खासगी सचिव होते ई. एम. फॉर्स्टर, कोणताच धर्म न मानणारे कादंबरीकार. वाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला. त्यातला गोंधळ त्यांना खटकला आणि तो त्यांनी घरी पत्रांतून स्पष्ट लिहिला. महाराजांच्या भक्तीची थोरवीही तितक्याच मोकळेपणाने लिहिली. दोघांचा स्नेह टिकला. याच देवासात कुमार गंधर्वांनी कबीराची निर्गुणी पदे गायिली. मंदिर आणि मशीद दोहोंना कबीराने जे कठोर बोल सुनावले, ते माळव्यातले भाविक शेतकरी आजही रात्र जागवून गातात. टीकेने त्यांची भक्ती आटली नाही, निवळली.

म्हणून माझे म्हणणे असे. कलम २९९ रद्द व्हावे. प्रार्थनास्थळाची विटंबना करणाऱ्यासाठी कलम २९८ आहे, समाजासमाजांत वैर पेटवणाऱ्यासाठी कलम १९६ आहे. माणसांचे आणि त्यांच्या पूजास्थानांचे रक्षण तेवढ्याने होते. मताला मात्र पोलिसांचे संरक्षण नको. ईश्वराच्या अस्तित्वाचे मतही त्यात आले, ईश्वर नसल्याचेही.

नास्तिकांवरही यातून एक कर्तव्य येते. प्रभाचंद्रांनी नैयायिकांचे म्हणणे समजून घेऊन मग खोडले. भाविकाला मूर्ख ठरवणे हे खंडन नव्हे. एखाद्या जमातीविषयीचा तिरस्कार देवाच्या चिकित्सेचे नाव घेऊन खपवणे तर सरळ अप्रामाणिकपणा आहे. आणि आस्तिकांना माझी विनंती: देव नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला उदयनाचार्यांसारखे उत्तर द्या. आपल्या श्रद्धेवर ज्याचा भरवसा आहे, त्याला फौजदाराची गरज नसते.