गवताची बाजू कोण घेणार?

जंगल म्हणजे झाडी, आणि झाडी जितकी दाट तितके जंगल थोर, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एक तर लाकूडतोड्यांचा वकील ठरतो, नाही तर विक्षिप्त. दोन्ही शिव्या पत्करून मी गवताची बाजू मांडणार आहे. वाघ पाला खात नाही. तो चितळ-सांबरांवर जगतो, आणि चितळाला चारा लागतो. वसुबारसेला गाईवासराला घास भरवणाऱ्या घरांत हे सांगण्याची वेळ येऊ नये. पण आली आहे खरी.

विदर्भाच्या शेजारचे, मध्य प्रदेशातील कान्हाचे रान घ्या. तेथील बारशिंगा गवताखेरीज दुसरे फारसे काही खातच नाही. १९३८ साली तेथे सुमारे ३,००० बारशिंगे असल्याची नोंद आहे. १९७० मध्ये उरले अवघे ६६! शिकार, रोग आणि वाघ यांच्या माथी दोष मारून मोकळे होता आले असते, आणि तो दोष सर्वस्वी खोटाही नव्हता. परंतु १९६३ ते १९६५ मध्ये जॉर्ज शॅलर यांनी, व पुढे १९७१ ते १९७३ मध्ये क्लोद मार्टिन या स्विस अभ्यासकाने, कोण केव्हा काय खातो, कोठे लपतो, हे तेथे राहून पाहिले. दरसाल कुरणे पेटवायची आणि उरल्यासुरल्यावर गुरे सोडायची, तर मादीने पिलू लपवावे कोठे? जाळण्याला आळा बसला, कुरणे मोकळी झाली, तेव्हा कळप वाढू लागले. २०१५ साली तेथून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्रप्रकल्पात पाठवण्याइतकी सुबत्ता आली. (त्यासाठी गावे उठली. त्या चुलींचा विचार वगळून या यशाचे पोवाडे कोणी गाऊ नयेत.) आग कधीच नको, असे मी म्हणत नाही, जळल्या जागी येणारा कोवळा फुटवा हरणांना आवडतो. सगळी कुरणे एकदम जाळणे, हा मात्र शुद्ध आळस होय.

आता आपल्याकडे या. मिश्र रानात उन्हाळ्यातही काही ना काही पानात पडते: मोहाची फुले, टेंभरे, वानरांनी वरून पाडलेला पाला. त्या जागी एका वयाचा, एका जातीचा साग रांगेत उभा करा. लाकूड उत्तम मिळेल, यात वाद नाही. पण सागाच्या पानाला हरीण सहसा तोंड लावत नाही, आणि त्या दाट सावलीत गवत वाढत नाही. उरलेल्या जागेत घाणेरी माजते. नकाशावर मात्र सारे हिरवेगार!

त्यातून आपल्याला आकड्यांची भारी हौस. २०१६ साली २ कोटी रोपे, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटींचा संकल्प! खड्डे खणायला सोपी जागा कोणती? उघडा माळ. दप्तरात तो ‘पडीक’ आहे ना! सोलापूरकडे नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. हा पक्षी उघड्या माळाचा, काळवीटही तिथलेच. अशा माळावर गिरिपुष्पाची रोपे लावणे म्हणजे भाताच्या खाचरात नारळ लावून शेतकऱ्याचे अभिनंदन करण्यासारखे आहे.

मग झाडे लावूच नयेत काय? अवश्य लावावी; गावात, रस्त्याकडेला, जिथले रान तुटले तिथे त्याच रानाची. पण मेळघाटात उठलेल्या गावांच्या शेतांवर कुरणे वाढवण्याचे जे काम झाले, त्याचे कौतुक मला अधिक वाटते. पवन्या, मारवेल यांचे बी गोळा करायचे, तण मुळासकट उपटायचे, वर्षानुवर्षे राखण करायची. या कामात फीत कापायला जागा नाही, म्हणूनच बहुधा त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत. वाघ मोजता, तसे गवतही मोजा. कोणत्या कुरणात काय उगवले, आणि मे महिन्यात त्यातले किती शिल्लक राहिले, हे दोन आकडे मला पुढच्या वर्षीच्या वनखात्याच्या अहवालात वाचायचे आहेत.