शारावातली शेकोटी आता पुरे!



पेसाह संपला की आमच्या वसाहतीतील मुले लाकडे गोळा करू लागतात. मोडकी खोकी, जुनी दारे, बांधकामावरच्या फळ्या, सारे काही सुपरमार्केटच्या ढकलगाड्यांवर लादून टेकडीच्या पायथ्याशी रचले जाते आणि लाग बाओमेरच्या रात्री पेटवले जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री वारा फिरला. एक ठिणगी वाळक्या गवतात पडली आणि बघता बघता वीस पावलांपर्यंतचे गवत पेटले. चार तरुणांनी ओल्या घोंगड्या मारून ते विझवले म्हणून वरची ओरेनची झाडे वाचली. सगळे पुन्हा बसले, बटाटे निखाऱ्यात गेले, आणि आपल्याच समाजातील एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "शाराव आहे बाबा, असे व्हायचेच!"

त्या वाक्याचा मला आजही राग आहे, आणि त्या रात्री मीही गप्प बसलो याचा त्याहून अधिक आहे.

वाचकहो, शाराव आग लावत नाही. तो फक्त वाट पाहतो. या देशात उन्हाळ्याचे महिने कोरडे जातात, विजा सहसा पावसाळी हंगामातच पडतात. म्हणजे उन्हाळ्यात डोंगर पेटला की त्यामागे जवळजवळ नेहमी माणसाचा हात असतो. कधी मुद्दाम, पण पुष्कळदा केवळ बेफिकिरीने. विझवल्यासारखा दिसणारा मंगलचा कोळसा, मोटारीतून फेकलेले सिगारेटचे थोटूक, वाळक्या गवतावर उभ्या केलेल्या गाडीचा तापलेला धुराडा, आणि लाग बाओमेरची शेकोटी.

शाराव म्हणजे काय हे आपण मुंबई-कोकणची माणसे नीट समजून घेत नाही. आपल्याला उन्हाळा म्हणजे घाम ठाऊक. येथे घाम अंगावर दिसत नाही, तेव्हा आपण म्हणतो, "मुंबईपेक्षा बरे!" पण घाम येत नाही असे नाही, तो येता येता वाळतो. तीच कोरडी हवा गवतातले आणि झाडाच्या पानातले पाणीही ओढून घेते. वसंतात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेकडे सरकते आणि त्याच्यापुढे वाळवंटाची तापलेली हवा येथे येते. पारा 40 अंशांच्या आसपास जातो, हवेतील आर्द्रता 10 टक्क्यांपर्यंत उतरते. मग शाराव मोडताना समुद्राकडून जोराचा वारा येतो. अंगाला गार वाटते म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण पेटलेल्या आगीला तोच वारा क्षणात दुसरीकडे वळवतो.

अरबी भाषेत या वाऱ्याला खमसीन म्हणतात. खमसीन म्हणजे पन्नास. वसंतातले पन्नास दिवस तो अधूनमधून वाहतो अशी लोकांची समजूत. आता आपली मोजणी पाहा. पेसाहपासून आपण ओमेरचे 49 दिवस मोजतो आणि 50 व्या दिवशी शावुओत पाळतो. दोन्ही मोजण्या जवळजवळ एकाच काळात पडतात, आणि त्यातल्या 33 व्या दिवशी, हिवाळ्याच्या पावसावर कमरेइतके वाढलेले गवत पिवळे पडलेले असताना, आपण देशभर जाळ करतो!

डोंगरात तर गोष्ट आणखी बिकट. सपाटीवर आग पसरते, पण चढावर ती धावते, कारण खालची ज्वाळा वरच्या झाडाला आधीच तापवून कोरडे करते. दोन कड्यांमधली वाडी तर धुराड्यासारखे काम करते. ओरेनच्या लाकडात राळ असते आणि त्याची पेटती बोंडे वाऱ्याबरोबर उडून दूर दुसरी आग लावतात. ही झाडे बरीचशी केरेन कायेमेतने लावली. 1950 च्या दशकात अनेक देशांतून आलेल्या ओलिमना रोजगार म्हणून हेच काम दिले जात असे. एका ओल्याने खड्डा खणून लावलेले झाड दुसऱ्या ओल्याच्या नातवाने एका रात्रीत जाळावे, याला काय म्हणावे?

हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. घडलेलेच सांगतो. 2 डिसेंबर 2010 रोजी कार्मेल पेटला. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि वारा कोरडा होता. 44 माणसे गेली. त्यांतले बहुतेक तुरुंग खात्याचे प्रशिक्षणार्थी होते. कैद्यांना सुखरूप हलवण्यासाठी ते बसने निघाले होते आणि आगीने त्यांना रस्त्यातच गाठले. हैफाच्या पोलीसप्रमुख अहुवा तोमेर भाजून मरण पावल्या. एलाद रिवेन हा 16 वर्षांचा स्वयंसेवक मुलगाही गेला. आज आग विझवणाऱ्या विमानांच्या पथकाला त्याचे नाव आहे. 2016 च्या नोव्हेंबरात हैफातील 60 हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. 2019 साली लाग बाओमेरच्याच दिवशी, भयंकर उष्म्यात, मेवो मोदीइम या गावातील बहुतेक घरे जळाली. 2021 च्या ऑगस्टमध्ये यरुशलाईमचे डोंगर असे जळाले की झाडांखाली झाकलेले प्राचीन शेतीचे दगडी बांध उघडे पडले. आणि 30 एप्रिल 2025 रोजी, योम हझिकारोनच्या दिवशी, एश्ताओलच्या बाजूला आग पसरली. तेल अवीव-यरुशलाईम रस्ता बंद झाला, माणसे मोटारी टाकून पळाली, आणि त्या संध्याकाळचा हर्झल टेकडीवरचा मशाली पेटवण्याचा राष्ट्रीय सोहळा रद्द करावा लागला. राष्ट्राने आपल्या मशाली विझवल्या, आणि आपल्या वसाहतीला मात्र शेकोटी सोडवत नाही!

यावर काही जण म्हणतील, आगी तर जाळपोळ करणारे लावतात. काही आगींबाबत तसा संशय होता, हे खरे. त्यांना पकडणे पोलिसांचे काम आहे. पण माझ्या मंगलमधला निखारा विझवण्यास पोलीस येणार नाहीत. दुसऱ्याच्या गुन्ह्याआड आपला निष्काळजीपणा लपवणे बरे नव्हे.

दुसरे म्हणतील, त्या रात्रीपुरती बंदी नव्हती, मग काय हरकत? बंदी हा शेवटचा कुंपणाचा तार आहे, अक्कल त्याच्या आत असावी. झाडाचा शेंडा हलताना दिसतो, नाक कोरडे पडते, तेव्हा सरकारी कागदाची वाट कशाला पाहायची?

तिसरे म्हणतील, परंपरा आहे. कोणाची? माझ्या लहानपणी मुंबईत लाग बाओमेरला शेकोटी मी कधी पाहिली नाही. ज्यांची ही जुनी चाल आहे त्यांचा मी मान राखतो. पण आपण येथे येऊन घेतलेली चाल जपून वापरावी एवढे तरी आपल्या हाती आहे. कोकणात आपल्या वाडवडिलांच्या डोळ्यांसमोर डोंगरावर वणवे लागत. राब भाजायचा तर शहाणा शेतकरी आधी कडेचा पाचोळा झाडून घेई, वारा पडण्याची वाट पाही, आणि विझेपर्यंत जागचा हलत नसे. ते ज्ञान आपण मुंबईच्या बंदरावर सोडून आलो काय?

आणि परंपराच हवी असेल तर आपल्या एलियाहू हन्नाबीकडे पाहू या. प्रत्येक शुभकार्यात आपण त्याचे नाव घेतो, हैफाला त्याच्या गुहेत डोके टेकवतो. कार्मेलवर आकाशातून अग्नी उतरला तो त्याच्याच प्रार्थनेने. पण त्याआधी त्याने काय केले ते आपण मुलांना सांगत नाही. त्याने वेदीभोवती चर खणला, आणि वेदीवर चार घागरी पाणी तीनदा ओतवले, असे की चरही भरून गेला. ते चमत्कार अधिक उठून दिसावा म्हणून होते, हे मला ठाऊक आहे. तरी तेही दुष्काळाचे दिवस होते, आणि कार्मेलवर अग्नी मागणाऱ्या नबीने आधी चर खणला, आधी पाणी ओतले. आपण तर साधी बादलीही घेऊन जात नाही!

म्हणून माझे म्हणणे असे. शाराव असो वा वारा असो, त्या दिवशी शेकोटी नाही, मंगल नाही, परवानगी असली तरी नाही. हवा शांत असेल आणि मनाई नसेल, तर दहा घरांच्या दहा शेकोट्यांऐवजी वसाहतीची एकच, झाडांपासून दूर, उघड्या जमिनीवर, पाण्याचे पिंप शेजारी ठेवून. निघताना निखाऱ्यावर नुसती माती लोटू नये, मातीखाली तो तासन्‌तास जिवंत राहतो. पाणी ओतावे, ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि हात जवळ नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करावी. धूर दिसला तर "कोणीतरी कळवले असेल" असे न म्हणता 102 फिरवावा.

मुलांचा हिरमोड होईल असे वाटत असेल तर त्या रात्री मलिदा करा. पोहे भिजवायचे, नारळ खवायचा, साखर घालायची, फळे मांडायची. त्याला ना चूल लागते ना कोळसा. एलियाहू हन्नाबीची गोष्ट सांगा, पण पाण्याच्या घागरींसकट सांगा.

या वर्षी आमच्या टेकडीखाली लाकडे रचली जातील तेव्हा मी तेथे जाऊन उभा राहणार आहे. मुले मला खडूस आजोबा म्हणतील. म्हणू देत. वर ओरेनची झाडे आहेत आणि झाडांमागे घरे आहेत. त्या एका रात्री मी गप्प बसलो, आता बसणार नाही. आपणही आपापल्या टेकडीखाली उभे राहावे, ही विनंती.