बॉल कायम एकाच्याच हातात, अशानं टीम जिंकते का? लुका डॉन्चिचच्या ट्रेडनंतरही न मिटलेला वाद

९ एप्रिल २०२५. डॅलसचं स्टेडियम खचाखच भरलेलं. मॅचआधी मोठ्या स्क्रीनवर लुका डॉन्चिचच्या आठवणींचा व्हिडिओ लागला आणि बेंचवर बसलेल्या लुकाला रडू आवरेना. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो याच शहराचा हिरो होता. आता अंगावर लॉस एंजेलिस लेकर्सची जर्सी होती. त्यानंतर त्यानं जुन्या टीमविरुद्ध ४५ पॉइंट्स केले, लेकर्स जिंकले आणि डॅलसचे चाहते आपल्याच टीमच्या जनरल मॅनेजरला हाकला म्हणून घोषणा देत राहिले.

राग साधा होता. फेब्रुवारीत डॅलस मॅव्हरिक्सनं २५ वर्षांच्या या स्टारला लेकर्सकडे पाठवलं होतं. बदल्यात आले अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा एक पिक. जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं होतं की चॅम्पियनशिप डिफेन्सवर जिंकली जाते.

या ट्रेडमुळे बास्केटबॉलमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. सगळा खेळ एकाच खेळाडूच्या हातात दिला, तर टीम खरंच जिंकते का?

'बॉल-डॉमिनंट' म्हणजे नेमकं काय?

एनबीएमध्ये टीमला प्रत्येक वेळी शॉट घेण्यासाठी २४ सेकंद मिळतात. काही स्टार यातला बराचसा वेळ बॉल स्वतःकडे ठेवतात. ड्रिबल करत समोरच्याला जोखायचं, मग शॉट घ्यायचा किंवा पास द्यायचा. बाकीचे चौघे आपापल्या जागी थांबून वाट बघतात.

हे मोजायला 'युसेज रेट' नावाचा आकडा वापरतात. खेळाडू कोर्टवर असताना टीमच्या किती टक्के पझेशन्सचा शेवट त्याच्या शॉटनं, फ्री थ्रोनं किंवा टर्नओव्हरनं झाला, हे त्यातून कळतं. कोर्टवर पाच जण असतात, म्हणजे प्रत्येकाचा सरासरी वाटा २० टक्के. मोठे स्टार ३० च्या वर जातात. २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरच्या रसेल वेस्टब्रुकनं ४१.७ टक्क्यांचा विक्रम केला. २०१८-१९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सचा जेम्स हार्डन ४०.५ टक्क्यांवर होता.

थोडक्यात काय, तर ज्याची बॅट त्याची बॅटिंग. पण यात एक मेख आहे. ड्रिबलमध्ये घालवलेला वेळ आणि दिलेले पास या आकड्यात धरले जात नाहीत. त्यामुळे नुसता युसेज रेट बघून कुणाला स्वार्थी ठरवणं चुकीचं आहे.

मग कोच हे चालवून का घेतात?

कारण त्याचा फायदा होतो. असा खेळाडू बास्केटकडे निघाला की त्याला अडवायला दोन जण धावतात. म्हणजे कुठेतरी एक सहकारी मोकळा राहतो. लुकासारखा खेळाडू तो मोकळा माणूस बरोबर हेरतो. मग साधारण दर्जाच्या खेळाडूलाही निवांत थ्री-पॉइंटर मारायला मिळतो.

डॅलस हे याचंच उदाहरण. २०१९-२० च्या सीझनमध्ये, लुका जेमतेम विशीचा असताना, टीमचं आक्रमण दर १०० पझेशन्समागच्या पॉइंट्समध्ये तोवरच्या एनबीए इतिहासातलं सर्वोत्तम ठरलं. २०२३-२४ मध्ये त्यानं मॅचमागे सरासरी ३३.९ पॉइंट्स केले आणि टीमला फायनलपर्यंत नेलं. तिथे मात्र बोस्टन सेल्टिक्सनं डॅलसला ४-१ नं हरवलं.

अडचण कुठे येते?

अडचण येते प्लेऑफ्समध्ये. रेग्युलर सीझनमध्ये रोज नवा प्रतिस्पर्धी असतो. प्लेऑफ्समध्ये एकाच टीमशी सात मॅचपर्यंत गाठ पडते. समोरच्या कोचला एकाच माणसाचा अभ्यास करायचा असेल, तर त्याचं काम सोपं होतं.

दुसरा मुद्दा दमछाकीचा. आक्रमणाचा सगळा भार उचलणारा खेळाडू डिफेन्सला कमी पडतो. लुकावर हीच टीका सर्वाधिक झाली. २०२५ च्या प्लेऑफ्समध्ये मिनेसोटाविरुद्धच्या चौथ्या मॅचमध्ये लेकर्सचे कोच जेजे रेडिक यांनी दुसरा हाफ पूर्णपणे त्याच पाच जणांना खेळवलं. लुका आणि लेब्रॉन जेम्स दोघेही कोर्टवर होते. शेवटी लेकर्स तीन पॉइंट्सनी हरले आणि सिरीज ४-१ नं गमावली.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: तो बेंचवर बसला की काय? २०१७ मध्ये वेस्टब्रुक एमव्हीपी झाला, त्या सीझनमध्ये त्यानं ४२ ट्रिपल-डबल केले. पण पहिल्याच फेरीत थंडर ह्यूस्टनकडून ४-१ नं हरले. वेस्टब्रुक विश्रांतीला गेला की हातातली आघाडी जायची. इतरांना स्वतःहून खेळ रचायची सवयच उरली नव्हती.

हार्डनची गोष्ट थोडी वेगळी. २०१८ मध्ये ६५ मॅच जिंकलेले रॉकेट्स वॉरियर्सविरुद्ध ३-२ नं पुढे होते. खेळ रचणारा दुसरा खेळाडू ख्रिस पॉल पाचव्या मॅचमध्ये जखमी झाला. सातव्या मॅचमध्ये ह्यूस्टनचे सलग २७ थ्री-पॉइंटर हुकले. एकटा हार्डन टीमला किती दूर नेऊ शकतो आणि कुठे अडकतो, हे त्या एका सिरीजमध्ये दिसलं.

जॉर्डनलाही बॉल सोडावा लागला

१९८६-८७ मध्ये मायकल जॉर्डननं मॅचमागे सरासरी ३७.१ पॉइंट्स केले. शिकागो बुल्सनं मात्र ४० मॅच जिंकल्या, ४२ हरल्या आणि प्लेऑफ्समध्ये बोस्टनकडून ३-० नं मार खाल्ला. १९८९ मध्ये फिल जॅक्सन कोच झाले. त्यांनी सहायक कोच टेक्स विंटर यांची 'ट्रँगल' पद्धत आणली. यात बॉल फिरत राहतो आणि प्रत्येकाला निर्णय घ्यावे लागतात. १९९०-९१ मध्ये जॉर्डनची सरासरी ३१.५ वर आली आणि बुल्स पहिल्यांदा चॅम्पियन झाले.

म्हणजे एकखांबी टीम जिंकूच शकत नाही?

तसंही नाही. २०२५ च्या फायनलमध्ये दोन विरुद्ध विचार समोरासमोर होते. इंडियाना पेसर्सचा बॉल सतत फिरता. त्यांचा स्टार टायरीस हॅलिबर्टन, सीझनची सरासरी फक्त १८.६ पॉइंट्स. समोर थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर, ३२.७ च्या सरासरीसह लीगमध्ये पहिला. सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली. त्या मॅचच्या सुरुवातीलाच हॅलिबर्टन जखमी झाला आणि थंडर १०३-९१ नं जिंकले.

पण थंडर एकट्या शेवर उभे नव्हते. त्यांचा डिफेन्स त्या सीझनमध्ये लीगमध्ये अव्वल होता. पाचव्या मॅचमध्ये शेनं ३१ पॉइंट्स केले, तर जेलन विल्यम्सनं ४०. मुख्य स्टारच्या बरोबरीनं दुसरा कुणी मॅच ओढू शकतो, हीच गोष्ट २०१७ च्या थंडरकडे नव्हती.

मग डॅलसचं गणित बरोबर होतं का?

निकाल तरी तसं सांगत नाहीत. डेव्हिस पहिल्याच मॅचमध्ये जखमी झाला. मार्चमध्ये कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. टीम ३९-४३ वर थांबली आणि प्लेऑफ्सबाहेर राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन यांची नोकरीही गेली. दुखापतींमुळे त्यांच्या विचाराची पूर्ण परीक्षा झाली नाही, हे खरं. पण फायनलला पोहोचून वर्षही झालं नसताना डॅलसनं लुकाभोवतीची टीम सुधारण्याऐवजी लुकालाच विकलं, हेही तितकंच खरं.

बॉल-डॉमिनंट स्टार साधारण टीमला चांगली टीम बनवतो, याचे पुरावे भरपूर आहेत. चांगल्या टीमला चॅम्पियन करायला मात्र त्याच्याकडे बॉल नसतानाचा खेळही पक्का लागतो. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ४० पॉइंट्सचा स्कोरकार्ड शेअर केला, तर तो खेळाडू बेंचवर होता त्या सहा-आठ मिनिटांत टीमचं काय झालं, हेही बघा. वादाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.