काता म्हणजे कवायत नव्हे

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या मंडईच्या आसपासच्या खांबांवर हापूसच्या पाट्यांच्या बरोबरीनं आणखी एक जाहिरात झळकायला लागते. 'मुलींसाठी स्वसंरक्षण! कराटे शिका!' वर हवेत उडी मारून लाथ झाडणारं कुणीतरी, आणि खाली गणवेशाचे वेगळे, पट्ट्याचे वेगळे, परीक्षेचे वेगळे असे पैसे. यंदा ही जाहिरात आमच्या ताईनं वाचली, भाचीचं नाव घालून टाकलं आणि मला फोन करून म्हणाली, "आता मला तिची काळजी नाही बघ."

ताई, हे शेवटचं वाक्य ऐकलं म्हणून हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

कराटेशी माझं भांडण असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. पंचवीसेक वर्षं मी स्वतः ते करतो आहे, गुडघे दुखतात तरी करतो आहे. माझं भांडण आहे ते कराटेतला जीव काढून घेऊन त्याचं सालपट 'स्वसंरक्षण' म्हणून विकणाऱ्यांशी. भाचीचा तो वर्ग मी दोन संध्याकाळी बसून पाहिला (वर्गाचं नाव सांगणार नाही, आणि सांगून उपयोगही नाही, असे गल्लोगल्ली आहेत). चाळीस पोरं रांगेत. सर ओरडतात, पोरं वळतात, हात खाली झाडतात, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारतात. पुन्हा वळतात. दिसतं झकास. मी सरांना विचारलं, हा खाली झाडलेला हात कशासाठी? म्हणाले, "समोरून लाथ आली की अडवायची." आणि दुसरा हात त्याच वेळी कमरेशी का ओढायचा? "ती पोझिशन आहे."

या 'पोझिशन'पाशीच सगळं अडलंय.

ज्यांना कराटेचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ, एकट्यानं करायची. नवशिक्यांना बहुतेक वर्गांत हेयान नावाचे पाच काते शिकवतात. हे मूळचे ओकिनावा बेटावरच्या इतोसू आंको या गुरूचे, तेव्हा त्यांचं नाव पिनान होतं. इतोसूंनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कराटे तिथल्या शाळांमध्ये नेलं. शाळा म्हटली की पन्नास पोरं, एक शिक्षक आणि कुणाचा हात मोडला तर दारात पालक! मग शिकवायचं काय? शिस्त, श्वास, रांगेतली कवायत. मुरगळणं, पाडणं, गळा धरणं हे सगळं बाजूला राहिलं. पण याच इतोसूंनी 1908 साली एक पत्र लिहिलंय, दहा सूचनांचं. त्यात ते मुद्दाम सांगतात की यातल्या पुष्कळ गोष्टी तोंडी चालत आलेल्या आहेत, प्रत्येक हालचालीचा अर्थ आणि वापर नीट शोधा. आणि त्या वापरासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थ धरपकडीचे हात असाच आहे.

म्हणजे ज्या माणसानं हे काते शाळेत नेले त्यालाच ठाऊक होतं की शाळेत सगळं जाणार नाही.

पुढे 1922 मध्ये फुनाकोशी गिचिन ही विद्या घेऊन टोकियोला गेले. विद्यापीठातल्या तरुणांनी ती उचलली आणि मग स्पर्धा आल्या. स्पर्धेत दोघं सहा फुटांवर उभे राहतात, झेप घेतात, मागे हटतात. सगळा खेळ अंतराचा झाला. आणि त्या अंतरावरून जुन्या कात्याकडे बघायला लागलं की प्रत्येक हालचाल म्हणजे 'ब्लॉक' नाहीतर 'पंच' दिसते. खुद्द फुनाकोशींच्या 1935 च्या 'कराटे-दो क्योहान' या पुस्तकात माणूस उचलून पाडण्याचे प्रकार दिलेले आहेत. आज आपल्याकडे काळा पट्टा मिळवणाऱ्या किती मुलांना त्यातला एक तरी येतो? आपल्या आठवणींतही त्यांनी लहानपणच्या तेगुमीबद्दल लिहिलंय. तेगुमी म्हणजे ओकिनावातली पोरासोरांची कुस्ती. झोंबाझोंबी करतच ती माणसं मोठी झाली होती, म्हणून कात्यातला कुठला हात कशासाठी हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

आता तो खाली झाडलेला हात. समजा, कुणी आपल्या उजव्या हातानं माझं उजवं मनगट धरलं. मी ते सोडवायला हिसका देत नाही. धरलेला हात फिरवून त्याचंच मनगट पकडतो आणि माझ्या उजव्या कमरेशी खेचतो. हीच ती 'पोझिशन'! त्याचा हात आता सरळ ताणला गेलाय, कोपर वर आलंय. माझा डावा हात उजव्या कानापाशी वर गेलेला आहेच, तो पुढच्या बाजूनं खाली येतो आणि त्याच्या कोपराच्या जरा वर माझ्या अंगाच्या वजनासकट दाबतो. पाऊल पुढे पडतं ते वजन टाकण्यासाठी. माणूस खाली वाकतो, वाकला नाही तर कोपर जातं. हेयानच्या पहिल्याच पावलात हे आहे. लाथ अडवायला पोराला मनगट पुढे करायला शिकवणं म्हणजे त्याचं हाड मोडायची सोय करणं आहे. नडगी आणि मनगट यांत कोण जिंकतं हे कुणाही फुटबॉल खेळणाऱ्याला विचारा.

तसंच ते वळणं. सर सांगतात, चारी बाजूंनी शत्रू आलेत म्हणून वळायचं. अहो, चारी बाजूंनी शत्रू आले तर पळायचं! वळणाचा साधा अर्थ असा की समोर माणूस एकच आहे, त्याला धरून मी कोणत्या कोनात जाऊ हे ते वळण सांगतं. अर्धी गिरकी म्हणजे बहुतेक वेळा धरलेल्या माणसाला कमरेवरून घेऊन टाकणं. हे वाचून एखाद्या पैलवानाला हसू येईल, कारण ढाक मारताना तो हेच करतो. समोरच्याचा हात आवळायचा, कंबर आत घालून वळायचं. हेयानच्या चौथ्या कात्यात दोन्ही हात वर जाऊन डोकं धरतात आणि गुडघा वर येतो, ते तर इतकं उघड आहे की त्याचा दुसरा अर्थ लावायला कल्पनाशक्ती लागते. तेक्कीमध्ये आडवं सरकताना पाऊल आतून झपकन वर येतं. नाव सुंदर आहे, परतणारी लाट. वापर आतल्या टांगेच्या जवळचा.

आता मंडईत या. इथे कुठे आहेत ते सहा फूट? सकाळी दहाला गाळ्यांच्या मधून चालताना खांद्याला खांदा लागतो. 2024 च्या सप्टेंबरात मेट्रोचं स्टेशन सुरू झाल्यापासून गर्दीत भरच पडली. गणपतीत तर विचारूच नका. शारदा-गजाननाच्या दर्शनाच्या गर्दीत कोणत्या बाईला काय अनुभव येतो हे आपल्या घरातल्या आत्या-मावश्यांना माहीत आहे, फक्त बोलत कुणी नाही. तिथे कुणी आरोळी ठोकून ठोसा मारायला येत नाही. दंड धरतात, ओढणी ओढतात, मागून कमरेला हात घालतात, भिंतीशी रेटतात, पर्स हिसकावतात. सुरुवात होते ती धरण्यापासून. आणि भाचीला तीन आठवड्यांत एकदाही कुणी धरलं नाही! तिनं हवेला सातशे ठोसे मारले.

सदाशिव पेठेतली 27 जून 2023 ची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात असेल. भर सकाळी एका मुलीवर कोयता घेऊन धावलेल्या मुलाला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणानं अडवलं. कसं? जवळ जाऊन त्याला धरून. मग बाकीचे आले. दूर उभं राहून हे झालंच नसतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. जी गोष्ट हे वर्ग परदेशी गणवेश घालून चुकीची शिकवतात, ती या पेठांमध्ये शे-दोनशे वर्षं मातीत उघडपणे शिकवली गेली. चिंचेची तालीम, नगरकर तालीम, गोकुळ वस्ताद तालीम ही नावं काय पत्ते सांगण्यापुरती आहेत? मानाचा तिसरा गणपती 'गुरुजी तालमीचा' का म्हणवतो? मंडईच्या ज्या अष्टकोनी इमारतीला आपण महात्मा फुल्यांचं नाव दिलं (1886 साली ती उघडली तेव्हा गव्हर्नर रे साहेबांचं नाव होतं, आणि तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता तो जोतिरावांनीच, हा पुणेरी न्याय!), ते जोतिराव गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत शिकलेले. मंडई विद्यापीठात राजकारणावर पदव्या घेणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

तालमीत खडाखडी असते. दोघं समोरासमोर, मानेवर हात, मनगटावर हात, ओढाओढ, रेटारेटी. समोरचा सहकार्य करत नाही, हीच त्यातली गंमत. ओकिनावातल्या गोजू परंपरेत काकिए नावाचा सराव आहे, हाताला हात चिकटवून ढकलायचा-ओढायचा. आपल्या खडाखडीचा तो धाकटा भाऊ म्हणा. पण इथल्या किती वर्गांत तो करून घेतात? मी तरी फारसा पाहिला नाही. त्याला घाम येतो, गणवेश मळतो, पोरं रडतात आणि पालकांना टाळ्या वाजवता येत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही दोन शब्द. जिममध्ये पिंजऱ्यातल्या मारामारीचे व्हिडिओ बघणारी नवी पोरं म्हणतात, काता म्हणजे नाच, टाकून द्या. बाबांनो, न वाचता पोथी अडगळीत टाकणं आणि न वाचता तिची पूजा करणं, दोन्हीकडे वाचन शून्यच. आणि तिसरे आमचेच काही कराटेवाले, ज्यांना अलीकडे बुंकाईचा, म्हणजे कात्याचा अर्थ लावण्याचा, नाद लागलाय. एक जण हात पुढे करून पुतळ्यासारखा थांबतो आणि दुसरा त्याच्यावर सात डाव करतो! सांघिक कात्याच्या अंतिम फेरीत हे असंच असतं, हवेत गिरक्या वगैरे. बघायला मजा येते. पण जो अर्थ समोरच्यानं नकार दिल्यावर टिकत नाही तो अर्थ नव्हे, कल्पनाविलास आहे. मी वर कोपराचा जो डाव सांगितला तोही धष्टपुष्ट माणसावर दहातून दोनदा लागला तर नशीब समजा. लागला नाही तर पुढे काय, हे माहीत असण्यासाठीच सराव. हात वाकवून घेतला तर त्याच वाकलेल्या कोपरानं त्याला फिरवायचा, आणि तेही नाही जमलं तर कपाळ, गुडघा, चावा, आणि पाय लावून पळ.

"पण स्पर्धेतल्या खेळाडूंना काय कमी लागतं?" असं कुणी म्हणेल. खेळाडूंबद्दल मला आदरच आहे. पण टोकियो ऑलिंपिकमधली (2021 साली झाली ती) वजनी गटातली शेवटची लढत आठवा. सौदी अरेबियाचा हामेदी 4-1 नं पुढे होता, त्याची लाथ इराणच्या गंजजादेहला बसली, तो आडवा झाला, आणि लाथ जोरात बसली म्हणून हामेदी बाद! स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक. खेळ म्हणून हा नियम बरोबरच आहे, कुणाचा जीव जायला नको. पण ज्या खेळात लागणं हाच गुन्हा आहे, त्याच्या तयारीला स्वसंरक्षण म्हणून पैसे घेऊ नका एवढंच माझं म्हणणं.

ताईचा प्रश्न मला ऐकू येतोय. "मग काय पोरीला तालमीत पाठवू? लाल मातीत, लंगोटवाल्यांच्यात?" प्रश्न खरा आहे. आपल्या तालमींनी बायकांना दारातसुद्धा उभं केलं नाही, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मुली आता गादीवर कुस्ती खेळतात, ज्युदो खेळतात. सहा महिने ज्युदो केलेली मुलगी कुणी दंड धरला तर गांगरत नाही, कारण तिचा दंड रोज कुणीतरी धरतं. त्यानंतर तिला कात्यात काय दडलंय ते आपोआप दिसायला लागेल.

कायद्याचंही कुणी शिकवत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वतःच्या बचावाच्या हक्काची आहेत (जुन्या दंड संहितेत 96 ते 106 होती). हक्क आहे, पण गरजेपुरता. माणूस खाली पडला, धोका टळला, की पुढची लाथ तुमचा गुन्हा. चाळीस पोरांना ओरडत ठोसे मारायला लावणाऱ्या सरांना हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं.

तर ताई, फी भरली आहेस, महिना पुरा होऊ दे. पण पुढच्या परीक्षेचे पैसे देण्याआधी सरांकडे जा आणि सगळ्यांसमोर त्यांचं मनगट घट्ट धर. तुझा हात पोळपाट-लाटण्यावर आणि मंडईच्या पिशव्यांवर तयार झालेला आहे, सहज सुटणार नाही :-) मग म्हण, आता तो खाली झाडायचा हात करून दाखवा. हसून समजावून सांगू लागले, "तसं नाही, तुम्ही लाथ मारायची," तर पोरीला घेऊन घरी ये. आणि त्यांनी तुला खरंच वाकवलं, तर मला फोन कर. मीच नाव घालतो त्यांच्याकडे.